मालिनीबाई घोडा बघतात

घोडा बघायचा असेल तर तो रिंगणात फिरत असताना बघू नये, असं मालिनीबाई वैशंपायन यांचं ठाम मत आहे. रिंगणात तो अंघोळ करून, शेपटी विंचरून, चार लोक आपल्याला बघताहेत हे पुरतं ठाऊक असताना फिरत असतो. अशा वेळी कुणीही देखणाच दिसतो. घोडा बघावा तो शर्यत संपल्यावर, घामेजून परत येताना. नाहीतर चार दिवस आधी तबेल्यात, खाताना. खाताना कुणालाही फार वेळ सोंग वठवता येत नाही.

हे मत त्यांनी घोड्यांवरून बनवलेलं नाही. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षापर्यंत त्यांनी जवळून पाहिलेले घोडे म्हणजे वरातीतले, आणि तेव्हाही त्यांचं सगळं लक्ष वर बसलेल्याकडे असायचं. चिंचवडला राहत्या घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी एकतीस वर्षं वधूवर सूचक मंडळ चालवलं. त्यांनी जमवलेली लग्नं सहसा मोडत नसत. एक जोडपं मोडलं, तर दोघांनी वर्षभराने स्वतंत्रपणे पुन्हा नाव नोंदवलं आणि मालिनीबाईंनी त्यांचं एकमेकांशीच पुन्हा जमवून दिलं. नोंदणी मात्र दोघांकडून नव्याने भरून घेतली.

मंडळ बंद केल्यावर त्या दर उन्हाळ्यात तीन महिने कार्ल्सरूहेला येऊ लागल्या. तिथे त्यांची लेक मैथिली आणि जावई गुरुदत्त राहतात. गुरुदत्त एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. माणूस हुशार, सालस आणि कुणालाही नाही म्हणता न येणारा. या शेवटच्या गुणापायी त्याने शहराबाहेरच्या एर्लेनवीझ गावातल्या रेनफेराइनची, म्हणजे घोड्यांच्या शर्यती भरवणाऱ्या मंडळाची, वेबसाइट फुकटात करून दिली होती. शेजारचे हेर वेंडेल त्या मंडळाचे सचिव. त्यांनी जिन्यात विचारलं, गुरुदत्त ‘जा, गेर्ने’, म्हणजे ‘हो, आनंदाने’, म्हणाला, आणि नंतर चार शनिवार-रविवार मैथिली त्याच्याशी बोलत नव्हती.

त्याच ओळखीवर गेल्या वर्षी फिंग्स्टनच्या सोमवारी सगळे शर्यती बघायला गेले. जूनच्या तोंडावरची ही सुट्टी एर्लेनवीझमध्ये अडथळ्यांच्या शर्यतींनी साजरी होते. म्हणजे घोड्यांनी नुसतं पळायचं नाही, वाटेत कुंपणं, खंदक आणि एक पाण्याचा चर ओलांडत पळायचं. गावाच्या कुरणात हे सगळं उभारलेलं असतं. एका बाजूला सॉसेज भाजत असतात, दुसऱ्या बाजूला अग्निशमन दलाचा बँड वाजत असतो.

मालिनीबाई घडीच्या खुर्चीवर बसल्या आणि दहा मिनिटांत म्हणाल्या, “गुरुदत्तराव, ती करडी घोडी बघितलीत? तिचं शेजारचीशी पटत नाही. ती आज पळणार.”

“आई, ती गेल्या तीन वेळा शेवटची आली आहे. इथे लिहिलंय.”

“तेव्हा शेजारी कोण होतं, ते लिहिलंय का?”

ते लिहिलेलं नव्हतं. करडी जिंकली. त्या दिवशी पाच शर्यतींपैकी चार मालिनीबाईंनी आधी सांगितल्या. हेर वेंडेल तीस वर्षं मंडळाच्या पुस्तिकेत प्रत्येक घोड्याचा अंदाज लिहीत आले होते. मागचे निकाल, पाठीवरचं वजन, जमीन ओली की कोरडी, सगळं ताडून ते लिहीत. त्यांच्या पाचांपैकी दोन आल्या. ते सज्जन गृहस्थ. त्यांनी मालिनीबाईंना आइस्क्रीम आणून दिलं आणि त्या आइस्क्रीम कशा खातात हे बराच वेळ संशयाने पाहत राहिले.

यंदा हेर वेंडेलचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. ते जिन्यातच गुरुदत्तला म्हणाले की पुस्तिकेची पानं या वेळी फ्राउ वैशंपायन लिहितील का? गुरुदत्त अर्थातच हो म्हणाला.

“चार शर्यती, चौतीस घोडे, आई. जमेल?”

“चौतीस बायोडेटा,” मालिनीबाई म्हणाल्या. “न जमायला काय झालं? माघ महिन्यात आठवड्याला एवढे असायचे.”

मग स्वयंपाकघरातल्या टेबलावर काम सुरू झालं. गुरुदत्तने प्रत्येक घोड्याच्या जुन्या शर्यतींचे व्हिडिओ काढून ठेवले. मालिनीबाई ते आवाज बंद करून बघत. शर्यत संपली की गुरुदत्त थांबवायला जाई, आणि त्या हात वर करत. “राहू द्या. आता खरं सुरू होतं.” घोडा थांबतो कसा, लगाम सैल सोडल्यावर मान कुठे नेतो, मालक थोपटायला आला तर जवळ येतो की तोंड फिरवतो, हे सगळं बघून मग त्या प्रश्न विचारत.

“मागच्या वेळी हा पडला म्हणता. पडल्यावर काय केलं? उठून एकटाच पळत सुटला का?”

गुरुदत्त परत मागे जाऊन बघे. “नाही. जॉकीपाशी उभा राहिलाय.”

“घ्या लिहून, कुटुंबवत्सल.”

इथल्या घोड्यांची नावं आईच्या नावाच्या पहिल्या अक्षरावरून ठेवतात, हे कळल्यावर तर त्या फारच खूश झाल्या. पंचांग न बघता एवढी शिस्त त्यांना अपेक्षित नव्हती. त्यानंतर प्रत्येक घोड्याची आई काय उड्या मारायची याची चौकशी आधी होऊ लागली आणि बाप सवडीने.

लिहिण्याचा त्यांचा एक नियम होता. मंडळाचाच नियम, एकतीस वर्षं पाळलेला. कागदावर चांगलं तेवढंच लिहायचं. खोटं एक अक्षर नाही, पण वाईटही नाही. वाईट डोक्यात ठेवायचं. कारण कागद दहा घरांत फिरतो आणि ज्याच्याविषयी लिहिलं त्याच्याही घरी पोचतो. मुलीचा बाप कागद वाचतो, मान डोलावतो, चहा पितो, निघतो. दारात चपला घालताना, एक पाय चपलेत आणि एक बाहेर असताना, तो हळूच विचारतो, “बाकी काय?” तेव्हा मालिनीबाई सगळं सांगत. मुलाचा तापटपणा, कंपनीत लटकलेली बढती, वेगळं राहण्याबद्दल आईचं मत, सगळं. ‘बाकी काय’ न विचारता चपला घालून गेलेला एकही बाप त्यांना आठवत नव्हता.

त्यामुळे त्यांच्या पानांवर चौतीसच्या चौतीस घोडे गुणी निघाले. ‘सिल्बरद्रोसेल: कामसू. पाण्याला न घाबरणारी. चारचौघींत उठून दिसते.’ ‘नाख्टफाल्टर: घराणं उत्तम. उडीच्या आधी विचार करतो.’ गुरुदत्तने जर्मन केलं, हेर वेंडेलनी डोळ्यावर पट्टी असल्याने दुसऱ्याकडून वाचून घेतलं आणि म्हणाले, फार सुंदर, पण प्रत्येक शर्यतीखाली तीन नावं हवीत. मालिनीबाईंनी तीन-तीन नावं दिली. हेर वेंडेलनी आणखी काही विचारलं नाही.

शेवटच्या, सर्वांत मोठ्या शर्यतीसाठी नाव दिलेला एक घोडा गावातलाच होता. वाल्डमाइस्टर, वय वर्षं अकरा, रंग गडद तपकिरी. त्याची मालकीण फ्राउ केसलर, साठीची. गावच्या टोकाला तिची फुलझाडांची नर्सरी आहे आणि तिच्यामागे तबेला. शर्यतीचा घोडा हा एकच, आणि त्याला शिकवते तीच. गावातलाच म्हणून मालिनीबाई गुरुदत्तला घेऊन प्रत्यक्ष जाऊन बघून आल्या.

पालथ्या घातलेल्या बादलीवर त्या तासभर बसल्या. वाल्डमाइस्टर मन लावून खात होता. पण जाळीतलं गवत ओढताना तो पुढच्या डाव्या पायावर भार देत नव्हता, आणि डावीकडे वळायचं झालं की उगाच मोठा वळसा घ्यायचा. गेल्या ऑक्टोबरच्या व्हिडिओत शेवटच्या कुंपणापलीकडे उतरल्यावर त्याने दोन पावलं आखूड टाकली होती. तेव्हा त्यांना नीट उलगडा झाला नव्हता. आता झाला. पाय तक्रार करत होता, आणि घोडा स्वभावाने इतका समजूतदार की तक्रार स्वतःपाशीच ठेवत होता.

फ्राउ केसलरने कॉफी दिली, रुबार्बचा केक दिला, आणि घोडा लहानपणी कसा होता हे सविस्तर सांगितलं. मालिनीबाई वाट बघत होत्या. दाराशी आल्यावर त्यांनी बूट घालायला सात मिनिटं घेतली. एक नाडी बांधली, सोडली, परत बांधली. वर बघितलं.

“च्यूस!” फ्राउ केसलर प्रसन्नपणे म्हणाली आणि दार लावून घेतलं.

“विचारलंच नाही हो त्यांनी,” ट्राममध्ये मालिनीबाई म्हणाल्या.

“काय विचारायचं होतं?”

“असू दे. फोन करतील.”

आणि त्यांनी लिहिलं: ‘वाल्डमाइस्टर: अनुभवी. अंगकाठी मजबूत. उडी स्वच्छ. खाणंपिणं व्यवस्थित. मनमिळाऊ, मालकिणीवर फार जीव.’ खालच्या तीन नावांत तो नव्हता. पानं आठवडाभर आधीच वेबसाइटवर गेली. फोन आला नाही. मालिनीबाई धरून चालल्या की बाईला कळलंय आणि ती घोडा काढून घेणार.

सोमवार कडक उन्हाचा निघाला. आठवडाभर पाऊस नव्हता. हेर वेंडेल गॉगल लावून कुरणात काठी खुपसत होते आणि काठी आत जात नव्हती. गाव मात्र खुशीत होतं. पुस्तिका हातोहात संपली होती, कारण एर्लेनवीझमधल्या घोड्यांविषयी इतकं प्रेमाने आजवर कुणी लिहिलं नव्हतं.

पहिली शर्यत सिल्बरद्रोसेलने मारली. दुसरीत मालिनीबाईंची दोन नावं पहिल्या तिघांत आली. लोक लांबून टोप्या उचलू लागले. तिसरीत नाख्टफाल्टरने चौथ्या कुंपणाआधी विचार केला. तो इतका सखोल होता की जॉकी एकटाच पलीकडे गेला.

“हे तुम्हाला माहीत होतं?” गुरुदत्तने विचारलं.

“त्याची सवयच आहे ती. कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं.”

जॉकी कपडे झटकत चालत आला. हसला. लोकही हसले. मालिनीबाईही हसल्या, आणि हसता हसता त्यांची नजर खोगीर चढवण्याच्या जागेकडे गेली. तिथे वाल्डमाइस्टर उभा होता. आयाळ विंचरलेली, अंगावर नऊ नंबरचं कापड.

त्या उठल्या. खुर्ची तशीच टाकून त्या दोरीपाशी पोचल्या, तोच फ्राउ केसलर दोन्ही हात पसरून समोर आली. तिने मालिनीबाईंचे हात धरले आणि भराभर बोलू लागली. मागून धापा टाकत आलेल्या गुरुदत्तने सांगितलं, “आई, त्या आभार मानताहेत. म्हणताहेत, नाव देऊन ठेवलं होतं, पण यंदा त्याला पळवायचं नव्हतं. हिवाळ्यात तो थोडा जडावल्यासारखा वाटला, वयही झालं. मग वेबसाइटवर तुमचं वाचलं. मजबूत, उडी स्वच्छ. म्हणताहेत, काही असतं तर तुम्ही लिहिलंच असतं. म्हणून गुरुवारी नाव पक्कं केलं.”

फ्राउ केसलरने खिशातून ते पान काढून दाखवलं. तिने ते लॅमिनेट केलं होतं. वर भोकही पाडलेलं होतं, तबेल्याच्या दाराला अडकवायला.

एकतीस वर्षं मालिनीबाईंनी लिहिलेला कागद लोकांनी उलटसुलट करून, उजेडात धरून, मावसभावाला दाखवून वाचला होता. लिहिलंय तेवढंच खरं मानून कुणी घोड्यावर खोगीर चढवेल, हे त्यांच्या हिशेबातच नव्हतं.

“गुरुदत्तराव, त्यांना सांगा, घोडा पळवू नका.”

“आता? आई, वीस मिनिटं राहिली आहेत. जॉकी सकाळी कोलोनहून आलाय.”

“सांगा.”

गुरुदत्तने सांगितलं. बराच वेळ सांगितलं. त्यात आल्झो आलं, आयगेंटलिश आलं, ‘कदाचित’ अर्थाचं फिलाइश्ट तीनदा आलं. फ्राउ केसलर मान डोलावत राहिली आणि शेवटी हसून म्हणाली, “जा, जा, नातूर्लिश!” म्हणजे हो, हो, अर्थातच.

“काय सांगितलंत?”

“हेच की, तुमच्या मते जरा काळजी घेतलेली बरी.”

“मी तीन शब्द बोलले. तुम्ही मंगलाष्टकं म्हटल्यासारखे बोलत होतात.”

“आई, अर्थ तोच आहे. जरा पद्धतशीर सांगितलं, इतकंच.”

“पद्धतशीर!” मालिनीबाई म्हणाल्या. “अहो, माझ्या पद्धतशीरपणानेच तो घोडा तिथे उभा आहे!”

आणि त्या दोरीखालून वाकून आत गेल्या. जर्मन त्यांना चाळीसेक शब्द येत होतं, त्यातलं निम्मं ट्रामच्या घोषणांमधून उचललेलं. त्यांनी फ्राउ केसलरचं मनगट धरलं, दुसऱ्या हाताने घोड्याच्या पुढच्या डाव्या पायाकडे बोट दाखवलं.

“फ्राउ केसलर. लिंक्स.” कुठल्या बाजूला उतरायचं हे ट्राम दर थांब्याला सांगते, त्यातला हा शब्द. मग त्यांनी मान हलवली. “नाइन.”

समोरच्या माणसाला तोंडावर नाही म्हणण्याची त्यांची ही पहिलीच वेळ होती.

फ्राउ केसलरचं हसू मावळलं. ती गुरुदत्तकडे वळली आणि एकामागून एक प्रश्न विचारू लागली. काय पाहिलं? कधी? कुठे? मालिनीबाईंनी सगळं सांगितलं. गवताची जाळी, मोठा वळसा, ऑक्टोबरमधली दोन आखूड पावलं. गुरुदत्तने घाबरून एकही शब्द न वाढवता भाषांतर केलं.

“म्हणजे माझ्या तबेल्यात, माझा केक खाताना, हे तुम्हाला दिसलं होतं?”

“हो.”

“मग लिहिलं का नाही?”

“तुम्ही विचारलं नाहीत.”

“विचारायचं कशाला? तुम्ही लिहिणार होता ना!”

चिंचवडमध्ये एक बरोबर होती आणि एर्लेनवीझमध्ये दुसरी, आणि मध्ये घोडा उभा होता.

फ्राउ केसलर लालबुंद झाली. तिने ते लॅमिनेट केलेलं पान दुमडायचा प्रयत्न केला. लॅमिनेट केलेलं असल्याने ते दुमडेना. मग तिने मैदानावरच्या घोड्यांच्या डॉक्टरला हाक मारली. डॉक्टर आला, वाकला, डाव्या पायावरून वरपासून खालपर्यंत हात फिरवला. उजव्यावरून फिरवला. परत डाव्यावर आला. घोड्याला चालवलं, पळवलं, वळवलं.

“कंडरेपाशी किंचित ऊब आहे,” तो म्हणाला. “लंगडत नाही. एवढ्यावर मी याला अडवू शकत नाही. पण तुम्ही न पळण्याचा दाखला मागितलात तर लगेच लिहून देईन. मालकीण तुम्ही आहात.”

नऊ मिनिटं राहिली होती. जॉकी हेल्मेटचा पट्टा लावत जवळ येऊन उभा राहिला होता. कुरणावर ऊन नुसतं रखरखत होतं. फ्राउ केसलरने घोड्याकडे बघितलं. घोडा तिचा खिसा हुंगत होता. मग ती मालिनीबाईंकडे वळली आणि अगदी हळू आवाजात तिने एक वाक्य विचारलं.

“तुमचा असता तर, असं विचारताहेत,” गुरुदत्त म्हणाला.

मालिनीबाईंनी घोड्याकडे पाहिलं. तो दिसायला उत्तम दिसत होता, रिंगणात सगळे दिसतात तसा.

“माझा असता तर आज घरी नेला असता.”

फ्राउ केसलरने दाखला मागितला.

लाउडस्पीकरवरून जाहीर झालं, नऊ नंबर पळणार नाही. स्टँडमधून एक लांब ‘ओऽह’ उठलं. गावचा एकच घोडा होता. कोलोनहून आलेला जॉकी हेल्मेट काढून सॉसेजच्या रांगेत जाऊन उभा राहिला. फ्राउ केसलरने खोगीर उतरवलं, लगाम धरला आणि कुणाकडेही न बघता शेताच्या वाटेने चालू लागली.

मालिनीबाई मागोमाग निघाल्या. सोयरीक मोडली की त्या दुसऱ्या दिवशी मुलीच्या घरी जाऊन बसत. बोलायला काही नसे, पण बसत. गुरुदत्तने घडीची खुर्ची काखेत मारली आणि तोही निघाला, कारण मालिनीबाईंनी त्याला चला म्हटलं होतं.

अर्ध्या वाटेवर मागे घंटा झाली. शर्यत सुटली. वाल्डमाइस्टरचे कान ताठ झाले, त्याने मान वळवून लगामाला एक जोराचा हिसका दिला. फ्राउ केसलर दोन पावलं फरफटली, तरी तिने धरून ठेवलं. तिघं आणि घोडा तसेच उभे राहिले. लाउडस्पीकरचा आवाज वाऱ्यावर तुटक तुटक येत होता. कुंपण, खंदक, पाणी. मग गलका, टाळ्या, एक नाव. मालिनीबाईंनी तिसरं लिहिलेलं होतं ते. कुणीच तिकडे लक्ष दिलं नाही. हळूहळू घोड्याचे कान खाली आले आणि तो वाटेकडेचं गवत खाऊ लागला.

“पडला असता का?” फ्राउ केसलरने विचारलं.

हो म्हटलं असतं तर फार सोपं झालं असतं. दोघींनाही रात्री झोप लागली असती.

“माहीत नाही,” मालिनीबाई म्हणाल्या. “कदाचित जिंकलाही असता.”

गुरुदत्तने सासूकडे पाहिलं आणि जसंच्या तसं सांगितलं. त्यात फिलाइश्ट होतं, पण ते मुळातच होतं.

फ्राउ केसलरने घोड्याच्या मानेवरून हात फिरवला. ती रडत नव्हती, हसतही नव्हती. मग तिने लगाम उजव्या हातातून डाव्या हातात घेतला आणि काहीतरी ठरवल्यासारखं, एकेक शब्द सुटा करून सांगितलं.

“त्या म्हणताहेत,” गुरुदत्त म्हणाला, “की गुरुवारपर्यंत त्या तुमच्यावर रागावलेल्या असणार आहेत. शुक्रवारी कॉफीला या.”

मालिनीबाईंना हे फार आवडलं. रागाला तारीख वार नेमून देणारं घर त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं.

“किती वाजता, ते विचारा,” त्या म्हणाल्या.

“साडेतीन,” फ्राउ केसलर म्हणाली आणि घोड्याला घेऊन पुढे निघाली.